काकूंनी अजून न बघितलेली क्लिप

“ज्याची बातमी हाय, त्याच्यापुढं बसून ती वाच. वाचता येईना, तर ती बातमी न्हाई. चहाडी हाय.”

लातूरला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, लेखनाच्या पहिल्याच तासाला बिराजदार सर हे म्हणाले होते.

आज सरांना जाऊन वर्ष झालं.

सरांचा तास म्हणजे पेपर कापायचा तास. प्रत्येकाने एक बातमी कापायची, तिच्यातला माणूस शोधायचा, त्याच्या पुढ्यात बसून ती मोठ्याने वाचायची. आणि येऊन लिहायचं.

“काय बोलला ते नंतर. आधी त्याचा चेहरा लिहा.”

माध्यमांचा समाजावर काय परिणाम होतो, हा सिलॅबसमधला धडा आम्हाला पुस्तकातून कधी वाचावा लागला नाही.

आमच्या वर्गात दिलीप होता. बस स्टँडजवळचे हातगाडे उठवल्याची बातमी त्याने घेतली. हेडिंग होतं, ‘रस्त्याने घेतला मोकळा श्वास’. ज्या पेरूवाल्या मावशीचा गाडा नेला होता, तिच्यापुढे बसून त्याने ती वाचली.

मावशी म्हणाली, “रस्त्यानं श्वास घेतला व्हय? बरं झालं बाबा. मंग मी काय घेऊ?”

हे वर्गात वाचताना दिलीप मध्येच थांबला. पुढचं वाचता येईना.

सर म्हणाले, “बस खाली. ह्याला आता बातमी लिहिता येईल.”

दिलीपचं आता न्यूज पेज आहे. तुमच्यातले बरेच जण ते फॉलो करता.

रिटायर व्हायच्या वर्षी सरांनी वर्गात एक फॉरवर्ड वाचून दाखवला. अमुक मोहल्ल्यातल्या हॉटेलांत पाय ठेवू नका, चहात काहीतरी मिसळतात, असला. सर असलं काही वाचायचे ते अगदी नाक्यावरच्या माणसासारखं, आवाज चढवून, हातवारे करून. वाचून झालं की विचारायचे, “हे बघितलं कुणी? सांगितलं कुणी? फायदा कुणाचा?” मग पोरं लिहायला लागायची.

त्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी शूट केलं.

प्रश्न सुरू व्हायच्या आधी कापलं.

आणि दिलीपच्या पेजने ते चालवलं. ‘प्राध्यापक काय बोलून गेले, पाहाच!’

सर रोज सकाळी त्याच मोहल्ल्यात चहा प्यायचे. चाचांच्या हॉटेलात. त्या आठवड्यात चाचांनी चहा दिला आणि स्वतःही समोर येऊन बसले.

“मैं नै मानता सर. पन हमारे पोट्टे मानते ना. थोडे दिन नक्को आओ.”

सरांनी मला हे फोनवर चाचांची नक्कल करून सांगितलं.

मी हसले. सर हसले नाहीत.

मग वर्गातल्या दुसऱ्या एका पोराकडचं पूर्ण रेकॉर्डिंग घेऊन, क्लिप काढ म्हणायला सर स्वतः दिलीपच्या ऑफिसात गेले. मी सोबत होते. “तुम्ही कशाला आलात सर, मला बोलवायचं,” म्हणत तो पाया पडला. चहा मागवला. सगळं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत बघितलं.

“सर, मला माहीतच हाय की, तुम्ही तसलं बोलणार न्हाईत. पण पूर्ण कोण बघायलंय? अर्ध्या मिनिटाच्या वर माणूस थांबंना झालाय.”

“तू थांबायचास की रे,” सर म्हणाले.

तेवढ्यात दिलीपचा फोन वाजला. त्याने तो उचलला.

क्लिप राहिली.

क्लिपमुळे सर गेले असं मी लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. जे मला माहीत नाही ते लिहिलं, तर तीही चहाडीच. मी बघितलंय ते एवढंच, की शेवटी शेवटी घरी येणारा पेपर सर उघडत नव्हते. घडी तशीच असायची.

मी नांदेडला हाच विषय शिकवते. यंदा वर्गात सरांचं नाव घेतलं, तर एका मुलीने शेजारणीला हळूच विचारलं, “ते क्लिपवाले का?”

तिचा दोष नाही. तिच्यापर्यंत सर तेवढेच पोचलेत.

उरलेला तास मी तिला सर सांगत राहिले. तिने मन लावून ऐकलं आणि विचारलं, “मग मॅडम, पूर्ण व्हिडिओ कुणीच का नाही बघितला?”



आज सकाळी लातूरला सरांच्या घरी, काकूंकडे आले. सरांच्या फोटोला हार, कपाळावर विभूती. काकू म्हणाल्या, “दिलीपनं फोटो टाकलाय म्हणं ह्यांचा. लई चांगलं लिवलंय म्हणायलेत लोकं.”

उघडून बघितलं. काळ्या पाटीवर सरांचा फोटो, दोन बाजूंना फुलं, वर ‘माझे गुरू’. खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

मग त्याच पेजवर शोधलं. क्लिप आहे. जागेवर.

“काकू, तुम्ही ती बघितली होती का कधी?”

“न्हाई ग. ह्यांनी बघू दिली न्हाई. मंग मला बी बघू वाटंना. त्यानं येऊन दाखवावी. लई जेवलाय माझ्या हातचं. हितं बसावं माझ्यापुढं आन् लावावी. मंग बघते मी.”

म्हणून हे लिहितेय, दिलीप. तुला टॅग केलंय.

क्लिप काढ, असं मी म्हणत नाही. ते सरांनी मागून झालं.

काकू घरीच आहेत. ये. सरांच्या फोटोखाली बस. तुझं हेडिंग आधी मोठ्याने वाच, मग ती लाव.

आणि घरी जाऊन काकूंचा चेहरा लिही. कुठे टाकू नये असं वाटलं, तर नको टाकूस.

सर, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द आज त्या पेजवर इतक्यांदा वाचले, की माझ्याच्याने लिहवेनात. नुसता नमस्कार घ्या.

दिलीप, तू इथे खाली हात जोडलेला इमोजी टाकशील आणि येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. काकूंना नाही. त्यांनी भाकरी जास्तीच्या थापल्यात.

ये.