थोरल्या जावयाची टोपी

कादंबरी मी लिहायला घेतली ती एका माणसाचा सूड घ्यायला. प्रकाशन समारंभात असलं काही कोणी सांगत नाही. मी सांगते.

माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, देवळ्याचे, आमच्या घरचे थोरले जावई. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. नव्वदच्या दशकात पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात ताईचं लग्न होतं. वडील आधीच गेलेले, सगळं आईच्या डोक्यावर. टॉवेल-टोपीचा मान देताना चुलत्यांनी चुकून धाकट्या जावयाला आधी टोपी घातली. झालं! "बाईचं राज्य हाय, दुसरं काय व्हनार!" म्हणत मामा बाहेर जाऊन बसले. थोरले जावई बसल्याशिवाय पंगत सुरू होत नाही. वाढलेली पानं तशीच, भात गार. शेवटी आई सगळ्यांदेखत त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली, मग आतून स्वतः टोपी आणून दिली. मामा आले, ताठ मानेने जेवले, पानावरसुद्धा वाकले नाहीत. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या हसण्याने माझ्या अंगाची लाहीलाही झाली. याला सोडायचं नाही, हे मी खरकटी पानं उचलतानाच ठरवलं.

दोन हजार साल उलटल्यावर एकदाचं लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात मामांना दारू पाजली, बायकोला मारायला लावलं, शेवटी विहिरीत ढकललं. फार बरं वाटलं. मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, "हा माणूस नाहीये, बुजगावणं आहे. याला रोजच्या घरात कधी पाहिलंयस का?"

बुजगावण्याला जाळून कुणाला चटका बसतो? म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत मी देवळ्याला जाऊन राहिले, भाची म्हणून लाड करून घेत. मामा कांद्याच्या चाळीत शिरून नुसत्या वासावर सडका कांदा हुडकायचे. चहाची पहिली बशी मांजरीला. आत्याला हाक मारायची नाही, नुसतं खाकरायचं; कोणतं खाकरणं पाण्याचं आणि कोणतं चष्म्याचं, हे तिला बरोबर कळायचं. "लय वाळली गं पोरी," म्हणून मला सायीचं दूध द्यायचे. मी दूध प्यायले आणि सगळं उचललं. चाळ, मांजर, खाकरणं, ओसरीवर येणारा कांद्याचा उग्र वास. माणूस जितका जिवंत, तितका घाव खोल. दारू काढली, विहीर बुजवली आणि शेवटाला लग्नाचा प्रसंग ठेवला, पाहिला तसा. ताठ मान, हसणारा मांडव, हात जोडलेली बाई. देवळ्यात घरोघरी त्यांना ओळखतील, याची मी चोख व्यवस्था केली.

पुस्तकाची पहिली प्रत आईला दिली. ती रोज दुपारी खिडकीशी बसून वाचायची आणि मी काहीतरी निमित्त काढून तिच्या आजूबाजूला घुटमळायचे. तिचा अपमान तिच्या डोळ्यांदेखत फिटायला हवा होता, बाकी कुणी वाचो न वाचो. एका दुपारी तिने चष्मा काढला.

"ते बरोब्बर उतरलेत गं. मांजर तर तीच. पण ही बाई कोण?"

"कोणती?"

"हात जोडून उभी हाय ती. नुसती रडती."

"तूच की, आई."

"मी?" आईने पान उलटून पुन्हा पाहिलं. "त्यांना टोपी कुठली दिली, ते बघितलं व्हतं का?"

मी काही बघितलं नव्हतं. मला फक्त तिचे जोडलेले हात दिसले होते.

"मोठ्या टोप्यांचा गठ्ठा पडला व्हता. मी हुडकून नवरदेवाच्या भाच्याची आणली, एवढ्याशा पोराची. मानाची टोपी, पंगतीत काढता येईना. वाकलं तर पडंल. म्होरं बासुंदी, अन् गड्याला वाटीकडं बघता येईना! सगळा मांडव त्यांना हसत व्हता."

मला हसूही येईना. आईने पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.

"माझं मी तवाच फेडून घेतलं व्हतं," ती म्हणाली. "आता तू छापलंस. देवळ्यात घरोघरी मी हात जोडून उभी."