आधी सरळ, मग मानेची

काडतुसं भरायला शिकायचं म्हणून कुणी नवा माणूस आला, की चाचा आधी त्याच्यापुढे तळहात धरायचे. तळहातावर दोन रिकाम्या पितळी पुंगळ्या. एक खालपासून वरपर्यंत सरळ, दुसरी बुडाशी जाड आणि वर सुरईसारखी निमुळत्या मानेची.

"कुठली घेणार, पावणं?"

तुम्ही असतात तर तुमचाही हात मानेच्या पुंगळीकडेच गेला असता. सगळ्यांचा जायचा. चाचा झटकन मूठ मिटून घ्यायचे. "आधी सरळ, मग मानेची. सरळ पुंगळी चूक पोटात घालती. मान आली की नखरं आलं की!"

कोल्हापुरात आमच्या गल्लीत त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं आणि समोर माझं शिवणकामाचं. शिकारीवर बंदी यायची होती तेव्हाची गोष्ट. नवं काडतूस मिळणं मुश्कील, म्हणून उडवलेली पुंगळीच पुन्हा भरायची. चंदगडची माणसं शेतात डुकरं शिरतात म्हणून यायची, शिरोळची नुसत्या मिशा पिळत यायची. चाचा दोघांनाही सारखंच झापायचे. मला म्हणायचे, "टेलर, तुमचं चुकलं तर उसवता येतंय. आमचं उसवत न्हाय."

मानेच्या पुंगळीला एक पथ्य होतं. वापरून वापरून मान कडक होते, चिरते. म्हणून ती जाळावर मऊ करायची. बूड मात्र कडकच राहायला हवं, मऊ पडलं तर बार उडताना फाटतं. चाचा परातीत पाणी घेऊन त्यात पुंगळ्या उभ्या करायचे आणि नुसत्या माना तापवायचे. परात नसेल तर ते काम नाही.

असा हा खडूस माणूस हरला तो धाकट्या भावापुढे. आईबाप गेल्यावर त्याला चाचांनीच वाढवलेलं. त्याला सरळ पुंगळी नकोच होती. "भाई, माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?" म्हटलं की चाचा विरघळायचे. शेवटी मानेच्यातलीच त्यातल्या त्यात गरीब पुंगळी त्यांनी त्याच्यासाठी निवडली. जाड, आखूड, बार उडताना खांद्याला कमी लाथ मारणारी. "गाय हाय ही, गाय," मला दाखवून म्हणाले. पण देताना मूठ काही लवकर उघडेना.

पुढे चंदगडला एका दोस्ताच्या शेतावर बार काढताना भावाच्या हातातल्या बंदुकीत पुंगळीचं बूड फाटलं आणि जाळ मागे तोंडावर आला. दोन्ही डोळे गेले.

त्यानंतर चाचांच्या तळहातावर एकच पुंगळी असायची. सरळ. कसं झालं म्हणून कुणी विचारलं, तर ठरलेलं उत्तर, "दिली कुणी? मीच की." भावाला रोज दुकानात आणून बसवायचे, चहाची बशी त्याच्या ओठाला लावायचे. चाचांची पुंगळी फाटली म्हणून गल्लीत बोभाटा झाला, गिऱ्हाईक तुटलं. पुढे बंदी आली आणि उरलंसुरलंही गेलं. मला त्यांचा राग यायचा. एवढा तोंडाळ माणूस, स्वतःसाठी एक शब्द बोलेना.

चाचांना मूठमाती देऊन आलो, तेव्हा भाऊ बंद दुकानाच्या फळीवर बसला होता. मी शेजारी टेकलो.

"टेलर, पुंगळी चांगली हुती," तो म्हणाला. "परात नव्हती तितं. घाईत समद्या चुलीत टाकल्या मी, बुडासकट. दवाखान्यातच सांगिटलं भाईला."

"मग?"

"माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, कुणाला बोलू नगंस. दिली कुणी?"

त्यानं चाचपडत खिशातून सरळ पुंगळी काढली, तळहातावर ठेवली आणि चाचा धरायचे तसा हात पुढे धरला. समोर कुणीच नव्हतं.