आबांच्या वाट्याची काळी बिअर

साडूच्या पोरानं पुण्याहून आणलेली ती बाटली मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला वाटलं, ह्यानं आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीला डांबर आणलंय. भाद्रपदातलं सोलापूरचं ऊन, तरी बाटलीतनं पलीकडचा सूर्य दिसेना. तोंडाला लाखेचं सील. पोरगा तिकडं बिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला आहे.

"काका, ही स्टाउट," तो म्हणाला. "जव काळाभोर होईपर्यंत भाजतात, त्याची करतात. मग व्हिस्कीच्या रिकाम्या लाकडी पिपात वर्षभर मुरवतात. वरनं कोको, व्हॅनिला. जेवण झाल्यावर गोड खातो ना, तशी प्यायची."

"म्हणजे बासुंदी की."

"बासुंदीच. फक्त चढते."

आता साडूचं सांगितलं पाहिजे, कारण ही गोष्ट बिअरची कमी आणि त्याच्या नाकाची जास्त आहे. साडू शेंगाची चटणी करतो. घराच्या मागच्या खोलीत भट्टी, तिच्यावर लहान पोर अंघोळ करील एवढी कढई. दाणे भाजताना घड्याळ नाही, काटा नाही, सगळं काम नाकावर. दाणा कच्चा असतो, मग एक क्षण बरोबर असतो, आणि पुढच्या श्वासाला करपलेला असतो. तो मधला क्षण रंगावरनं कळत नाही, वासावरनं कळतो. हे त्याला त्याच्या वडलांनी, म्हणजे आबांनी शिकवलं. आबांचं नाक असं की पार मंद्रूप गावच्या बाजारात उभं राहून ते सांगायचे, घरी आमटी लागली. आणि लागलेली असायची. एकदा चार घरं सोडून राहणाऱ्या बाईला त्यांनी ओट्यावरनं हाक मारून सांगितलं होतं की तुझ्या वरणात मीठ पडलेलं न्हाई. मिठाला वास नसतो हे मलाही ठाऊक आहे. पण नव्हतं पडलेलं.

दोन वर्षांमागं साडूला ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं नाही. साडूनं घराबाहेर कुणालाच सांगितलं नाही. चटणीवाल्याचं नाक गेलं म्हटल्यावर गिऱ्हाईक थांबतंय का! मेव्हणी भट्टीजवळ बसायची, वास आला की बांगड्या वाजवायची, हा कढई उतरवायचा. दोन वर्षं असं रेटलं. पण यंदा धुरानं मेव्हणीची छाती भरायला लागली. तिला भट्टीजवळ बसायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. तेव्हा साडूनं ठरवलं, दिवाळीच्या मालापर्यंत नाक आलं तर आलं, न्हाईतर भट्टी बंद. बोलला एवढंच, आणि त्या दिवशी जेवला नाही.

तर पोरगा बाटली घेऊन आला तो आबांच्या म्हाळाला. त्यांच्याकडं म्हाळाच्या ताटात गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं वाढतात. आबांना दारूही आवडायची, म्हणून ताटाशेजारी दरवर्षी एक फुलपात्र भरून ठेवायचं. ताट भट्टीच्या खोलीत, आबा बसायचे त्या कोपऱ्यात मांडायचं आणि सगळ्यांनी बाहेर येऊन दार ओढून घ्यायचं. गेलेलं माणूस खात नाही, नुसता वास घेतं, अशी समजूत. आपण बघत बसलो तर लाजतं. थोड्या वेळानं दार उघडायचं आणि ते ताट घरातल्यांनी प्रसाद म्हणून खायचं. एकच नेम कडक. आबांच्या आधी कुणी काही चाखायचं नाही. आमटीतलं मीठसुद्धा नाही.

"आज्जाला यंदा हीच ठेवू या," पोरगा म्हणाला. "त्यांना गोड पण आवडायचं, ती पण आवडायची. एकाच फुलपात्रात दोन्ही."

मेव्हणी म्हणाली, "ठेवा. निदान ह्या वर्षी खोलीला त्या देशीचा वास तरी यायचा न्हाई."

ताट व्हायला अवकाश होता. मी साडूला म्हणालो, "साडू, वर्षभर पिपात पडलेली वस्तू. नासली असली तर? आबांना नासलेलं वाढायचं का?"

"नेम हाय, साडू."

"नेम खाण्याचा. ही तर तपासणी की."

तो हसला. गेल्या दोन वर्षांत मी त्याला फारसं हसताना बघितलं नव्हतं, म्हणून पाप झालं असलं तरी निम्मंच झालं असं मी धरतो. आम्ही माडीवर जाऊन सील फोडलं आणि दोन फुलपात्रं ओतली. ओतली म्हणणं चूक. ती हळूहळू उतरली. फेस दुधाचा नाही, चहाच्या रंगाचा. मुंगी त्याच्यावरनं चालत पलीकडे गेली असती आणि पाय झटकत परत आली असती. नाकाजवळ नेलं तर आधी कॉफी, मग पुरण शिजताना पातेल्याच्या बुडाला लागलेला गूळ, मग आईस्क्रीमच्या दुकानाचं दार उघडल्यासारखा व्हॅनिला, आणि सगळ्यांच्या मागं ओल्या लाकडाचा, बंद खोलीचा वास. घोट घेतला. गोड, कडू, परत गोड, आणि छातीत एक छोटीशी शेगडी पेटली. इतकी वर्षं मी जे पीत होतो ते बिअरच्या नावाखाली साबणाचं पाणी होतं, हे तिथल्या तिथं कळलं.

"कसली हाय?" साडूनं विचारलं. त्याचं फुलपात्र संपलं होतं.

"तुला कशी लागली?"

"गोड. जरा कडू. बाकी भिंत चाटल्यागत." त्यानं रिकामं फुलपात्र नाकाशी धरलं, जोरात श्वास ओढला, आणि खाली ठेवलं. "करपल्याचा वास येतो का हिला? मला तेवढाच आला असता तरी चाललं असतं रे."

माझं फुलपात्र अर्धं राहिलं. ते तसंच घेऊन आम्ही खाली आलो.

ताट मांडलं. साडूनं आबांचं फुलपात्र काठोकाठ भरलं, आमच्याच उष्ट्या बाटलीतनं. दार ओढलं. आम्ही चौघं बाहेर ओट्यावर बसलो. दुपारचे बारा, रस्त्यावर रिक्षा, समोर कुणाच्या तरी यंत्रमागाची खटखट. आतनं काहीच आवाज आला नाही. मी आवाज ऐकू आला म्हणून सांगू शकलो असतो, आणि माझ्यासारख्याला ते शोभलंही असतं. पण नाही आला.

दार उघडलं. मी पहिला आत शिरलो, भूक लागली होती. आणि दोन पावलांवर थांबलो. ताटात गरम आमटी, वाफ निघत होती. भरली वांगी, लसणाची फोडणी, भजी. वास कशाचाच नाही. भट्टीच्या त्या खोलीच्या भिंतींना पन्नास वर्षांच्या दाण्यांचा वास मुरलेला, तोही नाही. नुकतीच चुना दिलेली रिकामी खोली असावी तशी. मला वाटलं, साडूचं दुखणं मला लागलं. हातातलं माझं फुलपात्र हुंगलं, तर गूळ, कॉफी, लाकूड सगळं जागच्या जागी. वाकून आबांचं हुंगलं. एकाच बाटलीतली, तेवढीच काळी, तेवढाच फेस. काही नाही. गार पाणी.

मेव्हणीनं पदर नाकाला लावला आणि काढला. तिलाही कळलं होतं.

साडूला काय कळणार? त्यानं नेमाप्रमाणे पाया पडून आबांचं फुलपात्र उचललं आणि एका दमात पिऊन टाकलं. मग त्याची मान हळूच वर झाली.

"कोण भाजतंय?"

भट्टी सकाळपासनं थंड होती. वर मांजर झोपलेलं.

"कोण भाजतंय म्हणतो! उतरवा की, करपतंय!" आणि तो थंड कढईकडं धावला.

पोरगा बापाला म्हणाला, "आण्णा, चढली तुमाला."

"गप बे. वास येतोय मला. वास येतोय!" साडू रडत होता. मेव्हणीही रडायला लागली, आनंदानं. मी टाळ्या वाजवल्या. अंगावरचा काटा लपवायला माणसाला काहीतरी करावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी दाण्यांचा घाणा लावला. मेव्हणीनं ऐकलं नाही, खोलीच्या दारात येऊन बसली. मीही होतो. साडू झारा फिरवत होता, आमच्याकडं पाठ करून. माझ्या नाकानं म्हणाल तर दाणे अजून कच्चे होते. एवढ्यात साडूनं आबांच्या कोपऱ्याकडं मान वळवली, "व्हय, व्हय," म्हणाला आणि कढई उतरवली. दाणा फोडून खाल्ला. त्याच्यापेक्षा सरस भाजलेला दाणा मी आयुष्यात खाल्लेला नाही, आणि ह्यात मी एक दाणाही वाढवून सांगत नाही.

"वास कढईतनं येतो का?" मी विचारलं.

"न्हाई. हिकडनं येतो." त्यानं पाठीमागं कोपऱ्यात बोट केलं. "कढईचा येत न्हाई. दुसरा कसलाच येत न्हाई. हिच्या गजऱ्याचा न्हाई, रॉकेलचा न्हाई. ह्यो एकच. पर वेळेवर येतो बघ."

"आणि तुला बरं वाटतं?"

"भट्टी चालू राहिली, साडू. अजून काय पायजे?"

दिवाळीचा माल वेळेवर निघाला. भाऊबीजेनंतर मेव्हणी आमच्याकडं चटणीचं पाकीट घेऊन आली. बायको चहा टाकायला आत गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "दाजी, ह्यांनी जन्मभर चटणीत मीठ कमी टाकलं. आता मूठभर जास्त पडतंय. आबा टाकायचे तेवढं. मी बोलले तर म्हणतात, मी कुटं टाकलं? जुनं गिऱ्हाईक खूश हाय. पर मी कुणासंगं ऱ्हाते हो?"

तिला मी चहा घे म्हणालो.

रात्री जेवताना ते पाकीट फोडलं. चटणी आबांच्या हातचीच होती. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.