पॉलिश केलेलं पिस्तूल

आमच्या घरात जावयाला काही बोलायचं नसतं. या एका रिवाजापायी बाबांचं पिस्तूल गेलं, आणि तो राग माझ्या मनातून जात नाही.

चामोर्शीच्या आमच्या घरी परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. आजोबांना त्यांच्या गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना दिलेलं. सगळे त्याला पिस्तूलच म्हणत. बाबांनी ते कधी चालवलं नाही, त्यांचा जीव त्यावरच्या खुणांत. इंग्रज फौजेच्या शिक्क्याचा बारीक बाण, त्याशेजारी मुकुट, आणि सांगाड्यावर, नळीवर, गोळ्यांच्या चक्रीवर एकच नंबर. माझं बोट धरून ते त्यावरून फिरवायचे. "एकबी तुकडा बदलला नाई," म्हणायचे, "बनलं तसंच हाये." खंडेनवमीला ते विळी-कोयत्याशेजारी पाटावर बसे, हळदकुंकू लागे आणि परत कपाटात जाई.

त्या वर्षी ताईचा नवरा दसऱ्याला आला होता. आई चिंचेनं देवाची भांडी घासत होती. या शहाण्याला वाटलं, पूजेत असलं काळं पिस्तूल शोभत नाही. बाबा शेतावर गेलेले, कपाटाला किल्ली तशीच. यानं पिस्तूल पिशवीत घातलं आणि भांडी पॉलिश करणाऱ्याच्या चाकावर धरून आणलं. स्टीलच्या तांब्यासारखं लखलखत होतं. बाण गेला, मुकुट गेला, नंबरही गेला.

"कितीतरी वर्षाचा मळ होता, मामाजी. आता पाहा कसं चमकून राह्यलं."

बाबांनी अंगठा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "बरं केलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं मला डोळ्यांनीच दटावलं.

पुढं निवडणूक लागली. परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची होती. आमच्याकडे तेव्हा नंबर पुसलेलं हत्यार म्हणजे जंगलवाल्यांचं, नक्षल्यांचं, असाच हिशेब होता. बाबांना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. मी डबा घेऊन गेले तेव्हा ठाण्याचे साहेब विचारत होते, "नंबर कोणं घासला, भाऊ?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मीच घासला. सणासाठी."

ज्या माणसानं त्या खुणा जिवापाड जपल्या, त्यानं त्या आपणच पुसल्या असं लिहून सही केली. चक्रीच्या आतल्या बाजूला, जिथं चाक पोचलं नव्हतं, तिथं उरलेले दोन आकडे परवान्याशी जुळले म्हणून बाबा घरी आले. परवाना मात्र गेला आणि पिस्तूलही गेलं. ताईच्या घरी यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं.

पुढच्या खंडेनवमीला जावईबापू पाटाकडे बघून म्हणाले, "पिस्तूल दिसून नाई राह्यलं?"

"तुम्ही पॉलिश केलं त्यातच गेलं, भाऊजी," मी म्हणाले. "बाबा ठाण्यात बसले ते तुमच्यापायी."

बाबा ताडकन उठले. वाटलं, आता तरी बोलतील. बोलले, पण मला.

"पावण्यासमोर असं बोलते काय? माफी माग त्याइची."

मी मागितली नाही. अजूनही मागणार नाही.