दोन इंच जास्तीची कंबर

ड्वेन प्रुएटला देवाने सगळं दिलं, फक्त कंबर द्यायची राहून गेली. बरगड्या संपल्या की थेट मांड्याच. बायको ग्लेंडा म्हणायची, "तुझ्यापेक्षा कपडे वाळत घालायच्या काठीला जास्त घाट आहे." दुसऱ्या कुणाचं यात काही अडलं नसतं. पण ड्वेनने अकरा वर्षांपूर्वी पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना काढला, आणि पिस्तूल लटकवायला कंबर लागते. तिथेच घोडं अडलं.

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या आमच्या या गावात कमरेला पिस्तूल असणं म्हणजे खिशात रुमाल असण्यासारखं आहे, त्यात कौतुक कसलं? पण ड्वेनकडे ते असेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. तीस वर्षं तो कोंबडीखाद्याच्या गिरणीत ट्रकचं वजन करायच्या काट्यावर बसला. बाहेर दोन ड्रायव्हर जुंपले की हा खिडकी लावून घ्यायचा. मग याच्या डोक्यात पिस्तूल कुठून शिरलं? तर मुलगी शेल्बी नर्सिंग शिकायला लिटल रॉकला गेली, घर एकदम गप्प झालं, आणि याला वाटायला लागलं की आपण कशाची तरी राखण करायला पाहिजे. कशाची, ते त्याला आजतागायत सांगता आलेलं नाही.

पिस्तूल एका दिवसात आलं. ते ठेवायचं होल्स्टर मात्र अकरा वर्षं शोधणं चाललं होतं. कारण नियम साधा आहे: ते दिसता कामा नये. शर्टाखाली फुगवटा दिसला की बाळगणाऱ्याची अब्रू गेलीच म्हणून समजा. बघणारा सभ्य असला तर दुसरीकडे बघतो, जसं कुणाच्या पँटची चेन उघडी दिसली तर आपण बघतो तसं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

सुरुवात झाली ती पँटच्या आत खोचायच्या होल्स्टरने. आत पिस्तूल मावायचं तर पँट दोन इंच मोठी लागते. ड्वेन एकदा ठरवलं की मागेपुढे बघणारा माणूस नव्हे. त्याने घरातल्या सगळ्या पँटी बदलल्या. चौतीस कमरेचा माणूस छत्तीस घालायला लागला आणि जुन्या पँटी चर्चच्या देणगीपेटीत गेल्या.

पण आत खोचलं की बरगडी टोचायची. म्हणून त्याने पाठीच्या खळगीत बसणारं आणलं. त्या रविवारी चर्चमध्ये बाकावर टेकला आणि सगळ्या सभागृहात 'ठक्' असा आवाज झाला. उठला, बसला, पुन्हा ठक्. आमच्या चर्चमध्ये उठबस पुष्कळ असते. पास्टरनी त्या दिवशी दोन भजनं बसूनच म्हणायला लावली.

मग पायाच्या घोट्याला बांधायचं आणलं. त्याच्या वजनाने ड्वेन लंगडायला लागला. लोकांचा जीव कळवळला. पुढच्या रविवारी पास्टरनी त्याच्या पायासाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली, तीन बायका रडल्या, एकीने भट्टीत भाजलेल्या भाताचं कॅसरोल घरी आणून दिलं. ड्वेनला इतकी लाज वाटली की त्याने दुसऱ्या दिवशी ते काढून टाकलं आणि काखेत अडकवायचं घेतलं. आता पाय ठणठणीत, पण डावा हात अंगापासून लांब राहायला लागला. पास्टर व्यासपीठावरून म्हणाले, "बंधूंनो, पाय बरा झाला! आता हाताचं बघू." पुन्हा कॅसरोल आलं. ग्लेंडा म्हणाली, "असंच एकेक अवयव धरत चल, मला वर्षभर स्वयंपाक नको."

अशी एकूण तेवीस होल्स्टरं झाली. नापास झालेली सगळी टरबुजाच्या एका मोठ्या खोक्यात, पलंगाखाली. आमच्याकडे असा खोका घरोघरी असतो, त्याबद्दल पुरुष बोलत नाहीत. ग्लेंडा मात्र बोलायची. "इतक्या पर्स माझ्याकडे नाहीत रे. आणि मी निदान त्या वापरते."

आणि वापरायची वेळ? अकरा वर्षांत एकदाच आली. पेट्रोलपंपावर एक रानटी टर्की कोंबडा त्याच्या अंगावर धावून आला. ड्वेनने आधी कोट वर केला, मग स्वेटर, मग शर्ट, मग बनियन. तेवढ्यात कोंबडा गुडघ्याला दोनदा चोच मारून निघूनही गेला, आणि हा उघड्या पोटाने पंपावर उभा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

या सगळ्यात एक गोष्ट हळूच शिरली होती आणि ती ड्वेनच्या लक्षातही आली नव्हती. पिस्तूल बाळगणारे आमचे लोक समोरून मिठी मारत नाहीत. डावा खांदा पुढे करतात, एका हाताने पाठ थोपटतात आणि उजवी बाजू लांब ठेवतात, समोरच्याला लागू नये म्हणून. ड्वेनही तसंच करायचा. नाताळला तसंच, वाढदिवसाला तसंच, शेल्बी नर्स झाली त्या दिवशीही तसंच.

स्वतःच्या लग्नाच्या आधी दोन महिने शेल्बी घरी आली. सकाळी ग्लेंडाने पावासारखी मऊ, गरम बिस्किटं आणि त्यावर मिरपुडीची पांढरी ग्रेव्ही केली होती. दुसरं बिस्किट फोडत शेल्बी म्हणाली, "डॅडी, लग्नात बापलेकीचा नाच असतो, माहितीय ना?"

"माहितीय. मला नाचता येत नाही."

"कुणाला येतं? नुसतं धरून डुलायचं. पण दोन्ही हातांनी धरायचं, समोरून. आणि त्या दिवशी कमरेला ते नको."

ड्वेन ग्रेव्हीत बघत राहिला. "तुला लागणार नाही गं असं—"

"मला लागण्याचा प्रश्न नाहीये, डॅडी." तिचा आवाज बारीक झाला. "अकरा वर्षं तू मला अर्धीच मिठी मारतोस. आधी मला वाटायचं तुझा खांदा दुखतो. मग वाटायचं माझंच काही चुकलं, मी घर सोडून गेले म्हणून. आता मला एकदा पूर्ण हवीय. ते मला कमरेला जाणवलं ना, तर मी तिथेच नाच सोडून खाली बसेन. सगळ्यांसमोर. सांगून ठेवते."

"नाही आणणार," ड्वेन म्हणाला. "शब्द देतो."

दिला तेव्हा अगदी मनापासून दिला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण तिसऱ्या दिवशी त्याला झोप येईना. दोनशे माणसं, पोरीचं लग्न, आणि बाप रिकाम्या कमरेने? काही झालं तर? चौथ्या दिवशी मनाने पळवाट काढली: तिला जाणवलंच नाही, तर आणलं काय आणि न आणलं काय! माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला वकील लागत नाही.

तो हॉइटकडे गेला. हॉइट म्हणजे गावातला चामड्याचा कारागीर. दुकानात एका बाजूला मासे पकडायचं आमिष विकतो आणि दुसऱ्या बाजूला पट्टे आणि होल्स्टर शिवतो. त्याने ड्वेनच्या कमरेभोवती टेप फिरवला, मान हलवली आणि म्हणाला, "तेवीस होल्स्टरं घेतलीस, आणि पट्टा मात्र बाजारातला लेचापेचा! अरे मूर्खा, पिस्तूल होल्स्टर नाही सांभाळत, पट्टा सांभाळतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

त्याने घोड्याच्या चामड्याचा दुहेरी पट्टा शिवला, आत पोलादाची पट्टी घातली आणि माप पिस्तुलासकट घेतलं. भोकं पाच पाडली. ड्वेनला सगळ्यात आतलं, सगळ्यात घट्ट भोक बसलं, बाकीची चार त्याहून ढिली. "ही कशाला?" ड्वेनने विचारलं.

"मुलीचं लग्न झालं की बाप सुटतो. मी पाहिलंय. पोटाला जागा ठेवलीय."

पँटच्या आत खोचायचं होल्स्टर त्या पट्ट्यावर असं बसलं की शर्टावरून हात फिरवला तरी कळेना. पण खरी परीक्षा नाचाची होती, आणि ग्लेंडाला सांगायची सोय नव्हती. शेवटी हॉइटच नवरी झाला. दुकानात रेडिओ लावून सत्तरीचा हॉइट आणि अडुसष्टचा ड्वेन एकमेकांना धरून डुलायला लागले. "अजून जवळ ये," हॉइट म्हणाला. "पोरगी अशी लांब उभी राहणार आहे का? हां, दाब. काही लागत नाही. गोल फिरव मला." त्याच वेळी एक गिऱ्हाईक आमिष घ्यायला आत आलं. त्याने दोघांकडे पाहिलं, हातातला डबा हळूच फळीवर ठेवला आणि ते मासे न पकडताच घरी गेलं.

लग्नाच्या शनिवारी दुपारी ड्वेन नव्या सुटात, छत्तीसच्या पँटमध्ये, पोलादी पट्टा कसून उभा राहिला. कुठे काही दिसत नव्हतं. शेल्बीने त्याचा डावा हात धरला आणि दोघं चर्चच्या दाराशी आले. बाजा सुरू व्हायच्या आधी ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "डॅडी, थँक यू. तुझ्यासाठी ते किती अवघड आहे मला माहितीय. मी होणाऱ्या नवऱ्यालाही सांगितलं, माझ्या डॅडीने शब्द दिला की दिला."

ड्वेनने कोटाची उजवी बाजू खाली ओढली. वेदीपर्यंत तो कसा चालला ते त्याला आठवत नाही. जेवणाला धुरावर भाजलेलं डुकराचं मांस होतं, तळलेली भेंडी होती, तीन मजली केक होता, त्याने कशालाच हात लावला नाही. कुणाच्या भीतीने आपण हे कमरेला लावलंय? इथे बसलेल्यांपैकी अर्ध्यांना तर ते लहान असताना त्याने चॉकलेटं वाटली होती. नाचाला दहा मिनिटं असताना तो उठला, आपल्या ट्रककडे गेला, पिस्तूल होल्स्टरसकट काढलं आणि सीटखालच्या पेटीत कुलूपबंद केलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा अंग हलकं वाटलं. शहाणपण उशिरा का होईना, आलं म्हणायचं.

आणि चौथ्या पावलाला पँट घसरली.

घसरणारच! पट्टा पिस्तुलासकट मापलेला, पिस्तूल पेटीत. सगळ्यात आतल्या भोकापुढे भोकच नाही, कारण हॉइटने पोटाला जागा ठेवलेली. ड्वेनने खिशातला चाकू काढून नवं भोक पाडायला घेतलं, तर आत पोलाद. चाकूचं टोक मोडलं. अडवायला कंबर तर देवानेच दिली नव्हती. आतून कर्ण्यावर नाव पुकारलं, "नवरीचे वडील! नवरीचे वडील कुठे आहेत?"

तो आत आला तो उजवा हात कोटाखाली घालून, कोपर अंगाशी घट्ट दाबून. आमच्या गावात ही पोझ शेंबड्या पोरालाही कळते. झाकायचं असेल तेव्हाच माणूस असा उभा राहतो. शेल्बी मधोमध पांढऱ्या झग्यात उभी होती. तिने तो हात पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

गाणं सुरू झालं. ड्वेनने डावा खांदा पुढे केला, एक हात तिच्या पाठीवर ठेवला. तोच, अर्धा.

"डॅडी," ती पुटपुटली. डोळे भरून आले होते. "तू शब्द दिला होतास."

"नाहीये गं. ट्रकात ठेवलंय. आणलं होतं, खोटं नाही बोलत, पण ठेवून आलो."

"मग हात का तिथे?"

"पँट पडतेय."

"काय?"

"पँट! पडतेय! सोडली तर दोनशे माणसांसमोर तुझ्या बापाची—"

तिला खरं वाटेना. तिने हात त्याच्या कोटाखाली घातला, उजव्या कमरेवर, जिथे इतकी वर्षं तो टणक उंचवटा असायचा. तिथे नुसतं ढिलं कापड होतं आणि म्हाताऱ्या बापाची बरगडी. तिच्या तोंडून हसू फुटलं, आणि हसताहसताच ती रडायला लागली, डोळ्यांतलं काजळ पार गालावर. मग तिने दोन्ही हात मागे नेऊन तो पोलादी पट्टा मुठीत धरला.

"सोड आता," ती म्हणाली. "मी धरलीय."

ड्वेनने सोडलं. दोन्ही हात मोकळे झाले तेव्हा क्षणभर त्यांचं काय करायचं तेच त्याला आठवेना. मग त्याने ते तिच्याभोवती टाकले आणि तिला समोरून छातीशी धरलं.

तिकडे चौथ्या टेबलावर हॉइट शेजाऱ्याला कोपराने ढोसत होता. "बघ, बघ! पोरगी अंगाला चिकटलीय, तरी तिला पत्ता नाही! याला म्हणतात काम!" तिथल्या तिथे चौघांनी त्याच्याकडे पट्ट्याची ऑर्डर दिली.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. नवरा दोन पावलं पुढे येऊन थांबला, कारण दोघांतलं कुणीच हलत नव्हतं.

"डॅडी, मी सोडली की पडेल हं."

"मग सोडू नकोस," ड्वेन म्हणाला.