लाल पेन्सिलीचा ठिपका

मी झाडू उचलला की सर हात आडवा धरायचे. "थांबा ताई. तिथं कुणी राहतंय का, बघू द्या."

मी कामाला आहे त्या नर्सरीत हे रिटायर झालेले सर रोज सकाळी यायचे. रोप क्वचितच घ्यायचे. गुडघ्यावर बसून पानं उलटत राहायचे. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय. मालक म्हणायचे, "सर, किडे तुम्ही न्या, रोपं आम्ही विकतो." सर हसायचे.

ते पतंग शोधायचे, रात्री दिव्यावर येतात ते. कुठला पतंग कुठवर राहतो, ते त्यांच्या घडीच्या नकाशावर लाल पेन्सिलीनं मांडलेलं असायचं.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी शेडमध्ये टसरचा पतंग दिसला. ज्याच्या कोशाचं रेशीम काढतात, तो. वीतभर रुंद, पिवळसर, पंखांवर काचेसारखे गोल. सर चिखलातच बसले. "हा डोंगराकडचा. नाशिक शहरात मला पहिल्यांदा दिसला!" त्यांनी नाशिकवर ठिपका दिला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले.

मी माझा पेढा न खाता पदरात बांधला. आदल्या दिवाळीत सुरगाण्याकडच्या आमच्या गावाहून तो कोश मीच आणला होता. हलवला की खुळखुळायचा, म्हणून लेकीला खेळायला. ती कंटाळल्यावर शेडच्या तारेला अडकवला आणि विसरले.

दोन दिवस मी सरांसमोर गेले नाही. मला माणसांशी बोलायला मुळातच जड जातं. त्यात चौथी शिकलेल्या बाईनं सरांची चूक काढायची! पण नकाशा मोठ्या अभ्यासकांकडे पाठवतोय, असं ते मालकांना सांगत होते. ते ऐकलं आणि मी भोक पडलेला रिकामा कोश घेऊन पुढं झाले.

"सर, त्यो इथला नाय. मीच आणलाय गावाकडून."

त्यांनी कोश हातात घेतला. वाटलं, आता ओरडतील.

"कुठल्या झाडावर होता?"

"ऐनाच्या. आमच्याच बांधावर हाय."

त्यांनी खोडरबरानं नाशिकवरचा ठिपका पुसला. नकाशात माझ्या गावाचं नावच नव्हतं. नदीच्या वळणावरून ओळखून मी बोट ठेवलं, तिथं त्यांनी ठिपका दिला. शेजारी माझं नाव लिहिलं.

"तुम्ही बोलला नसता, तर मी खोटं लिहून बसलो असतो, ताई. पेढे मात्र परत मागत नाही."

माझ्या शब्दावरून कुणी लिहिलेलं पुसलं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

गणपतीनंतर सर वारले. दिवाळीला आम्ही गावी गेलो. बांधावरच्या ऐनाला कोश लटकत होता. लेकीनं हात वर केला. "आई, दे ना काढून!"

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "सरांनी त्यो इथला म्हणून लिहिलाय."