यासीनभाईचा कान आणि आबांची गाडी

धुळ्यात माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं, शेजारी यासीनभाईचं गॅरेज. तिथले किस्से मी घरी इतके आणले, की बायको म्हणायची, "रद्दीवाला घेत नाही म्हणून, नाहीतर कधीच घातले असते!"

एरंडोलकडच्या आबांची जुनी इंग्रजी गाडी होती. इंजिन एक, कार्बोरेटर दोन! दोघांनी सारखी हवा ओढली तर ठीक, नाहीतर गाडी नुसती थडथडते. यासीनभाई रबरी नळीचं एक टोक कानात घालायचा, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूं ऐकायचा, स्क्रू फिरवायचा, मग दुसऱ्याचा सूं.

समोर पिठाची गिरणी. यासीनभाई ओरडायचा, "गिरणी बंद! मी ऐकतोय!" आणि गिरणीवाला खरंच बंद करायचा, हो! डबे घेतलेल्या बायका तोंडावर पदर धरून उभ्या.

एक म्हातारी न राहवून म्हणाली, "पोटात बाळ आहे का रे तिच्या?"

*

ही गाडी ढकलल्याशिवाय कधी सुरू झालीच नाही. आत दोघं, मागे आठ जण! आबा बसले की एरंडोलात लोक न सांगता बाह्या सरसावायचे.

त्यात आबांच्या एकुलत्या मंगलचं लग्न ठरलं पाचोऱ्याला. पोरगी अडून बसली, "सासरी जाईन तर आपल्याच गाडीतून!"

आबा गॅरेजात येऊन हातच जोडायला लागले. "यासीनभाऊ, मनी पोर मंगल काय ढकलगाडीम्हा सासरे जाई? चार लोकांत नाक जाईल माझं!"

*

नळीनं भागेना, म्हणून यासीनभाईनं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा स्टेथोस्कोप मागून आणला. तासाभरानं डॉक्टर धावत आले. "अहो, पेशंट झोपवून ठेवलाय!"

यासीनभाई मान वर न करता म्हणाला, "त्याचं एकच आहे, डॉक्टरसाब. माझी दोन धडधडताहेत, थांबा!"

पुढे आठवडाभर पेशंट तक्रार करत होते, की छातीला पेट्रोलचा वास येतो!

*

शेवटी जमलं. यासीनभाईनं चालू इंजिनवर रुपया उभा केला. पडेना! आबा श्वास रोखून बघत होते. मला शिंक आली, तर त्यांनी माझंच नाक दाबलं.

रुपया उभाच राहिला. आबा मात्र मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. 

*

लग्न एरंडोलात झालं. पाठवणीला गाडी चालवायला खुद्द यासीनभाई, पुढे बँड. नवरानवरी बसले, यासीनभाईनं इंजिन सुरू केलं. इतकं मऊ चाललं, की कुणाला कळलंच नाही. सवयीनं आठ जण मागे लागले आणि ढकलायला सुरुवात!

यासीनभाई बोंबलतोय, "अरे, चालू आहे!" बँडमध्ये ऐकतो कोण? पन्नास पावलांनी कुणीतरी धुराच्या नळीशी हात धरला, आणि हसून हसून सगळे बाजूला झाले.

आबा एकटे मागे राहिले. फेटा सुटलेला, दोन्ही हात डिकीवर.

मंगलनं खिडकीतून डोकं काढलं. "आबा, गाडी चालू शे! सोडा आते!"

"माले माहीत शे, माय," आबा म्हणाले, आणि ढकलतच राहिले.

यासीनभाईनं आरशात पाहिलं. वेशीपर्यंत त्यानंही गिअर टाकला नाही!